आकड्यावरची पिशवी

"वैनी, जरा पाय सरकवा," म्हणत संगप्पाने मोजपट्टीचं टोक नीलम्माच्या अंगठ्याजवळ फरशीवर टेकवलं.

नीलम्मा सोयाबीनच्या भुसकटात मांडीपर्यंत बुडून बसली होती. तिने पाय सरकवला. संगप्पा पट्टी ओढत उलट्या पावलांनी बंद दुकानाच्या शटरपर्यंत गेला, काहीतरी पुटपुटला आणि परत आला. तो तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. खताच्या दुकानातली नोकरी गेल्यापासून पूर्णवेळ समाजकार्यात होता.

"टेबल हितं. खुर्च्या भिताडाला. आन् अध्यक्षाच्या मागं बॅनर," हवेत हात फिरवत तो म्हणाला.

"आन् हे?" समोर बसून भुसकटातले खडे निवडणाऱ्या गल्लीतल्या धुरपताबाईने विचारलं. भुसकट तिच्याच घरचं होतं. गेल्या महिन्यात तिने म्हैस हाळीच्या बाजारात विकली. म्हैस गेली आणि भुसकट उरलं, म्हणून ते इथे आलं.

"हे सव्वीस जानेवारीपर्यंत. मन्मथअण्णाचा शब्द हाय. तवर पीक निघालं तर दुकान वैनीचं, न्हाई निघालं तर समितीचं. म्या कुठं काय म्हणून राहिलो? म्या फकस्त माप घेऊन राहिलो."

आजारी माणूस अजून बोलत असताना बाहेर ओसरीवर कुणी बांबूची लांबी बघावी, इतक्या सहजपणे त्याने पट्टी गुंडाळून खिशात टाकली. जाताना तो छताकडे बघून थांबला. तुळईला जाड लोखंडी आकडा होता. सासऱ्यांच्या काळात त्याला पोत्यांचा मोठा काटा टांगलेला असे.

"ह्याला पंखा बसतोय का बघू," तो म्हणाला आणि गेला.

"लई उपाशी नजर हाय ह्याची," धुरपताबाई म्हणाली. "आमच्या म्हशीकडं बाजारातले हेडे दलाल आसंच बघायचे."

उदगीर जिल्हा होणार, हे नीलम्माने पहिल्यांदा ऐकलं ते स्वतःच्या लग्नाच्या बैठकीत. ती शिरूर अनंतपाळची. मध्यस्थाने तिच्या वडिलांना सांगितलं होतं, मुलगा जिल्ह्याच्या गावचा आहे. म्हणजे गाव आज तालुका आहे, पण मुलगी नांदायला जाईपर्यंत जिल्हा झालेला असेल. वडिलांनी हुंड्यात त्याचा विचार केला. दरम्यान तिचं माहेर कुणी न मागता तालुका होऊन बसलं आणि सासर जिथे होतं तिथेच राहिलं.

तेवीस वर्षांत तिला त्या घरात 'नाही' असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. तिने न्हाणीघराला दार मागितलं, तेव्हा तिचा नवरा मन्मथ म्हणाला, जिल्हा झाला की वरचा मजलाच काढायचा आहे, तेव्हा सगळंच करू. तिने बारावीनंतरचं शिक्षण पुरं करायचं म्हटलं, तेव्हा जिल्हा झाला की मुलींचं सरकारी कॉलेज येणारच होतं. तिची लेक मोठी झाली, भालकीला दिली, लेकीचं बाळंतपण झालं, आणि न्हाणीघराला अजून गोणपाटाचा पडदा होता.

मन्मथ वाईट माणूस नव्हता. त्याचं नाव कपिलधारच्या मन्मथस्वामींवरून ठेवलेलं, आणि त्या नावाला शोभेल इतका तो शांत होता. वडिलांच्या मागे त्याने काही वर्षं किराणा चालवून पाहिला. पण त्याला एका वेळी वजन करणं आणि बोलणं जमत नसे, आणि गिऱ्हाइकाला दोन्ही लागे. दुकान बंद करून तो तहसीलसमोर छत्रीखाली अर्जनवीस म्हणून बसू लागला. अर्ज लिहिणाऱ्याला फक्त ऐकावं लागतं. दुकान त्याने विकलं नाही आणि भाड्यानेही दिलं नाही, कारण जिल्हा झाल्यावर त्या गल्लीतल्या जागेला काय भाव येईल, याचा विचार करूनच त्याला बरं वाटे. शटर सात वर्षं खाली होतं.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम आल्या. पावसाळा कोरडा गेला. लातूरला रेल्वेने पाणी आणायची वेळ यायला अजून काही महिने होते, पण नळाला पाणी पंधरा-वीस दिवसांनी येऊ लागलं होतं. आणि सव्वीस जानेवारीला जिल्ह्याची घोषणा नक्की, असं गावात नेहमीपेक्षा जास्त खात्रीने बोललं जाऊ लागलं. गावात जिल्ह्यासाठी तीन समित्या होत्या. जिल्हा एकही नव्हता. संगप्पाची समिती तिसरी, दुसरीतून फुटलेली, तिला बसायला जागा नव्हती.

नीलम्मा महिला मंडळातून लातूरला तीन दिवस अळंबीच्या प्रशिक्षणाला गेली, ती मुख्यतः तीन दिवस घराबाहेर राहायला मिळतं म्हणून. येताना तिने ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेलं पांढरं बियाणं आणलं आणि माळ्यावर दोन पिशव्या करून बघितल्या. दोन्ही फुलल्या. मंडळातल्या बायकांनी त्या मागून नेल्या. तेव्हा तिने दुकान मागितलं; अंधारी, थंड, बंद जागा हवी होती, आणि जिल्हा होईपर्यंत तिथे अंधाराशिवाय काही नव्हतंच. त्याच आठवड्यात संगप्पानेही मागितलं. मन्मथने दोघांचं ऐकून घेतलं आणि दोघांचंही बरोबर आहे असं वाटून सव्वीस तारखेची मुदत घातली.

पीक हे तिने सगळ्यांना सांगितलेलं कारण होतं. खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. घर दुकानाच्या मागे. स्वयंपाकघर अंगणात उघडे, आणि अंगणात बाजेवर सासू गौरम्मा बसलेली असे. गल्ली तिला अव्वा म्हणे. अव्वाच्या बाजेवरून चूल दिसे, मोरी दिसे, गोणपाटाचा पडदा दिसे, माळ्याची शिडी दिसे. तेवीस वर्षांत नीलम्माने केस विंचरले तेही कुणाच्या तरी समोर. दुकान साफ करायच्या दिवशी तिने मागचं दार लावून घेतलं, शटर तर खालीच होतं, आणि ती एका रिकाम्या डब्यावर नुसती बसली. बाहेर मोटारसायकली जात होत्या. तिला कुणी बघत नव्हतं. माणसं सुटायला दार उघडतात. हिने लावून घेतलं होतं.

भुसकट भिजवायचा दिवस ठरवणं तिच्या हातात नव्हतं, ते नगरपालिकेच्या हातात होतं. डिसेंबरच्या शेवटी एका पहाटे नळ खाकरला, आणि नीलम्माने घरातलं जे जे पोकळ होतं ते सगळं भरून घेतलं. निळा ड्रम अळंबीचा, असं तिने आधीच जाहीर केलं होतं. मन्मथने त्यावर "बघ बाई" एवढंच म्हटलं.

काम तसं सोपं होतं. भुसकट गोणीत भरायचं, रात्रभर पाण्यात बुडवायचं, सकाळी निथळून काढायचं. मग लोखंडी पिंपात कढत पाण्यात तासभर ठेवायचं, म्हणजे त्यातले बाकीचे जीव मरतात आणि जागा अळंबीला मोकळी मिळते. पुन्हा निथळायचं, स्वच्छ कापडावर पसरून गार करायचं. मूठभर घेऊन आवळायचं; पाणी गळता कामा नये, पण तळहात ओला झाला पाहिजे. मग पिशवीत एक थर भुसकटाचा, एक चिमूट बियाण्याची. प्रशिक्षणातले साहेब भुसकटाला 'माध्यम' म्हणत. ते हेही म्हणाले होते की भुसकट भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं. दर खेपेला नवं पाणी. घरात पाणी फेकता येतं, अशा सुरात ते बोलत होते. ते कुठले होते कोण जाणे.

दोन पिशव्यांना कसंही चाललं असतं. वीस पिशव्यांचं भुसकट एका ड्रमात मावेना. तीन खेपा कराव्या लागणार होत्या.

धुरपताबाईने अंगणात तीन दगडांवर पिंप चढवलं, खाली तुराट्या लावल्या. भुसकटाला वाफ आली तशी ती पदर नाकाला लावून बघत राहिली.

"येवढे लाड म्या म्हशीचे केले न्हाईत. शिळं, वाळलं, जसं हाय तसं टाकायची पुढं. ती बिचारी खायची. हिला आधी भिजवा, मंग शिजवा, मंग वारा घाला. काय बाळंतीण हाय का ही?"

"मावशी, भुसकट खाली लागून राहिलंय, हलवा की."

"हलवून राहिले. आन् येतंय काय ह्यातून, तर कुत्र्याची छत्री."

"कुत्र्याची न्हाई. ही खायची असती."

"कुत्रं खात न्हाई म्हणून माणसाला," बाजेवरून अव्वा म्हणाली.

पहिल्या खेपेची गोणी ड्रमातून निघाली तेव्हा ड्रमात पाणी उरलं ते कोऱ्या चहासारखं होतं, वर थोडा फेस. नीलम्माने ड्रम तिरका केला. अंगणाच्या दारासमोरची उघडी नाली दोन हातांवर होती. नालीपलीकडे बोअरवर बायकांची रांग लागली होती; रांगेत बायका कमी आणि घागरी जास्त. घागरी ठेवून बायका सावलीला बसलेल्या. तिरक्या ड्रमाकडे त्या सगळ्याजणी बघू लागल्या. दिवाळीत गल्लीतल्या एकाने मोटारसायकल धुतली होती. त्याच्याशी अजून कुणी बोलत नव्हतं.

"वतून राहिलीस का?" धुरपताबाईने हळूच विचारलं.

नीलम्माच्या हाताला ड्रमाचं वजन लागत होतं. तिला ओतता येईना. पाणी पुरेल की नाही, हा हिशेब तिच्या डोक्यात आलाच नाही. भरलेला ड्रम नालीत उलटा करायचं हाताला माहीतच नव्हतं. तिने ड्रम सरळ केला, वरचा फेस गाळणीने काढला आणि दुसरी गोणी त्याच पाण्यात सोडली.

"काय हुतंय?" ती म्हणाली. "कढत पाण्यात जायचंच हाय की फुडं."

"हाव," धुरपताबाई म्हणाली. "पाणी त्ये पाणी."

तिसरी खेप निघाली तेव्हा पाण्याला आंबूस वास येत होता, ताकाच्या भांड्याला दुसऱ्या दिवशी येतो तसा. कढत पाण्यासाठीही तेच वापरलं. वास चुलीच्या धुरात मिसळला आणि दिसेनासा झाला. अखेरीस ड्रमाच्या तळाला जे होतं त्याला पाणी म्हणणं कठीण होतं, आणि एका पिशवीचं भुसकट कोरडंच उरलं.

"किती कमी पडून राहिलं?" अव्वाने विचारलं.

"एका पिशवीचं. जाऊ द्या."

"माझं घे."

बाजेमागे कोनाड्याखाली अव्वाचा तांब्याचा हंडा असे. त्यातलं पाणी मडीचं, म्हणजे सोवळ्यातलं. नळ आला की अव्वा ओल्या लुगड्याने स्वतः भरायची, वर फडकं बांधायची, आणि मग त्याला घरातल्या कुणी बोटही लावायचं नाही. त्यातून रोज एक तांब्या घेऊन ती अंग पुसायची आणि मग गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायची. तेवीस वर्षांत नीलम्माने त्या हंड्याला एकदाच हात लावला होता, नवी नवरी असताना, आणि ती हकिगत अजून सांगितली जाई.

"अव्वा, मडीचं हाय ते."

"म्हणूनच म्हणून राहिले. कुणी शिवलं न्हाई त्याला. तुझ्या छत्रीला चोख पाणी लागतंय म्हण की."

"आन् तुमची आंघोळ?"

"सत्तर वर्षं आंघोळ करून राहिले. काय दिलं देवानं? जिल्हा दिला का?"

धुरपताबाई हसता हसता तुराट्यांवर बसली. अव्वा हसली नाही. ती उठली, फडकं सोडलं आणि हंडा स्वतःच्या हाताने तिरका करून भुसकटाच्या पातेल्यात ओतू लागली. बाहेरच्या बायकांना ते दिसलं नाही.

"बास, अव्वा."

"आणि घे. कोरडं राहिलं तर माझ्याच नावानं बोंबलशील."

ते भुसकट तिने त्याच चोख पाण्यात वेगळं कढवलं. त्या शेवटच्या पिशवीला दुकानातल्या फळीवर जागा उरली नव्हती. नीलम्मा सासऱ्यांच्या गल्ल्यावर चढली आणि तिने ती तुळईच्या आकड्याला टांगली.

पुढचे दिवस तिच्या आयुष्यातले बरे दिवस होते. सकाळचं आवरून ती दुकानात जायची, मागचं दार लावायची. तसं तिथे करण्यासारखं काही नव्हतं. अंधारात पिशव्या ठेवायच्या आणि वाट बघायची. वाट बघण्याचा तिला सराव होता, फक्त ही वाट तिची स्वतःची होती. ती बॅटरी लावून प्लास्टिकमधून बघायची. दाण्यांपासून पांढरे तंतू निघाले होते, पिंजलेल्या कापसासारखे. ती डब्यावर बसून केस मोकळे सोडायची. एकदा झोपली. एकदा शाळेतली कविता मोठ्याने म्हणून बघितली, अर्धीच आठवली.

मग एका पिशवीच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला. दुसऱ्या दिवशी तो रुपयाएवढा झाला. शेजारच्या पिशवीत दोन होते. तिने त्या दोन पिशव्या बाजूला काढल्या. पण हिरवं आधीच सगळीकडे पोचलेलं होतं, ते बाहेरून आलेलंच नव्हतं. फळीवरच्या पिशव्या एकामागून एक हिरव्या झाल्या; पाऊस पडला असता तर शेतं अशी दिसली असती. दार उघडलं की तोच वास यायचा. ताकाच्या भांड्याचा. तिला कुणी सांगायची गरज पडली नाही.

"पाणी फेकायचं हुतं," ती धुरपताबाईला म्हणाली.

"कुठं?" धुरपताबाईने विचारलं. 

नीलम्माने बॅटरी बंद केली.

मन्मथने दारात उभं राहून आत बघितलं. त्याला खरंच वाईट वाटलं. "सगळंच का?" त्याने विचारलं.

"फळीवरचं सगळं," ती म्हणाली.

ती खोटं बोलली नव्हती. त्याने वर बघितलं नाही.

सव्वीसला अजून बरेच दिवस होते, पण आता थांबण्यात अर्थ काय, असं संगप्पाचं म्हणणं पडलं. घोषणा झाली की पत्रकार येणार, त्यांना बसवायचं कुठे? धुरपताबाईने पिशव्या गाडीवर घालून रानातल्या खड्ड्यात नेऊन पुरल्या. नीलम्माने कमरेची किल्ली काढून मन्मथला दिली. त्याने ती संगप्पाला दिली. सात वर्षांनी शटर वर गेलं, आणि खडखडाट ऐकून अव्वा बाजेवर दचकून उठली. तिला वाटलं, नवरा दुकान उघडतोय.

"ही काय?" संगप्पाने आकड्याकडे बोट केलं.

"हात पुरत न्हाई तिथं. राहू द्या," नीलम्मा म्हणाली. त्याआधी ती गल्ल्यावर चढून ब्लेडने प्लास्टिकला चिरा पाडून आली होती.

"आहो, असू द्या की," समितीचे खजिनदार लिंबाजीराव म्हणाले. ते निवृत्त तलाठी होते; जमीन आणि दैव या दोन विषयांत त्यांचा शब्द शेवटचा असे. "दिष्टीचा कोहळा हाय तो. दुकानाला असावाच लागतो. म्हाताऱ्यानं बांधलेला दिसून राहिला."

म्हाताऱ्याच्या काळातला कोहळा इतका पांढराशुभ्र कसा, हा प्रश्न कुणाला पडला नाही. लिंबाजीरावांनी दुसऱ्या दिवशी त्याला काळा दोरा आणि लिंबू बांधलं.

समितीला चहा लागे, दिवसातून तीनदा. नीलम्मानेच तो द्यायचं कबूल केलं, आणि मन्मथला हायसं वाटलं की तिने मनाला लावून घेतलं नाही. ती किटली घेऊन यायची, पाण्याचा तांब्या घेऊन यायची. चहा ओतून झाला की तांब्यात बोटं बुडवून पिशवीवर पाणी शिंपडायची. बैठक तेवढ्यापुरती गप्प व्हायची. एक-दोघे हात जोडत.

"वैनीला लई तळमळ हाय जिल्ह्याची," संगप्पा म्हणायचा.

पिशवीला आता उजेड हवा होता आणि मोकळा वारा हवा होता. उघडं शटर ठेवून समिती दोन्ही पुरवत होती. सव्वीसच्या तीन-चार दिवस आधी चिरांमधून टाचणीच्या डोक्याएवढे दाणे बाहेर आले. नीलम्माने चहात साखर दोनदा घातली. कुणाच्या लक्षात आलं नाही. दुष्काळात गोड लागलेल्या गोष्टीची तक्रार कुणी करत नाही.

सव्वीस जानेवारीला सकाळी सगळे इस्त्रीचे कपडे घालून जमले. जिलबी आणून झाकून ठेवली होती, फटाक्यांची माळ टेबलाखाली तयार होती. टीव्हीवर झेंडा चढला, भाषण झालं. भाषणात दुष्काळ होता, चारा छावण्या होत्या, विकास तर होताच. उदगीर नव्हतं. भाषण संपून नाच सुरू झाले तरी सगळे टीव्हीकडेच बघत बसले होते, कदाचित शेवटी सांगतील म्हणून.

नीलम्मा किटली घेऊन आली तेव्हा मन्मथ कोपऱ्यात निषेधाचा अर्ज लिहायला घेत होता. घोषणा झाली असती तर आभाराचा लिहायचा, म्हणून कागद दोन्ही कामांसाठी कोराच ठेवला होता.

तिने किटली ठेवली आणि वर बघितलं. रात्रीतून अळंबी उघडली होती. एकावर एक कलती, शिंपल्यांसारखी, तळहाताएवढी, दुधावरच्या सायीच्या रंगाची. पिशवीच्या चारही बाजूंनी.

तिने एक खुर्ची ओढली आणि तिच्यावर चढली.

"वैनी?" संगप्पा म्हणाला.

"सव्वीस तारीख हाय आज," नीलम्मा म्हणाली. आवाज मोठा निघाला; इतक्या पुरुषांत ती पहिल्यांदाच बोलत होती. "पीक निघालंय. दुकान माझं हाय."

सगळ्यांनी वर बघितलं. लिंबाजीराव उठून उभे राहिले. त्यांच्या टोपीवर वरून बारीक पांढरी पूड पडली होती. त्यांनी ती बोटाने पुसली, बघितली, आणि कपाळाला लावली.

"फुललं," ते म्हणाले. "कोहळा फुलला. चाळीस वर्षं तलाठी हुतो, असा शकुन न्हाई बघितला. आजच्या दिवशी! जिल्हा अडत न्हाई आता."

"कोहळा न्हाई ते," नीलम्मा म्हणाली. "अळंबी हाय. मी लावली. भुसकट मी शिजवलं. इचारा ह्यांना."

पण खुर्च्या सरकल्या होत्या. माणसं हात जोडत होती. अर्ध्या तासापूर्वी ज्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं अशी माणसं. तिने पहिल्या झुबक्याच्या देठाला हात घातला.

"वैनी, हात नका लावू!" संगप्पा ओरडलाच. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचंच हाय ते, कोण न्हाई म्हणून राहिलं? पर आता ते तुमच्या एकलीचं राहिलं न्हाई. आख्ख्या तालुक्याचं हाय. एक मेला व्हतंय आता, बघा तुम्ही. तवर हालवू नका. अण्णा, सांगा की!"

सगळ्यांनी मन्मथकडे बघितलं. नीलम्मानेही बघितलं, खुर्चीवरून, हात देठावर तसाच ठेवून.

मन्मथने पेन कानावर ठेवला.

"अर्जदाराचं म्हणणं खरं हाय," तो म्हणाला. "मुदतीत पीक निघालंय." संगप्पाचा चेहरा पडला. "सामनेवाल्याचंबी खरं हाय. लोकांच्या भावनेचा प्रश्न हाय." मग तो तिच्याकडे न बघता, अगदी मायेने म्हणाला, "राहू दे आता, नीला. येवढं तीन महिन्याचं तर हाय. जिल्हा झाला की तुला मेन रोडलाच दुकान बघू."

खुर्ची हलत होती. लिंबाजीरावांनी ती धरून ठेवली, नीलम्मा पडू नये म्हणून. ती उतरली. तिने पदराला हात पुसला आणि सगळ्यांना चहा ओतला. जिलबी उघडली गेली. कुणीतरी फटाक्यांची माळही लावली, आणून ठेवलीच होती म्हणून.

फटाके ऐकून अव्वा बाजेवर उठून बसली.

"झाला का गं जिल्हा?"

"न्हाई."

"मंग फटाके?"

"शकुन झाला."

अव्वाने मान हलवली. गावात राहून तिला याचं फार आश्चर्य वाटलं नसावं. नीलम्मा चुलीपुढे बसली, रिकामी किटली विसळण्यापुरतं पाणी शोधू लागली.

"आन् तुझं आलं का? माझ्या पाण्याचं?"

"आलं."

"चांगलं आलं?"

"लई चांगलं. तळहातायेवढं."

"मंग आण की. खात न्हाई मी, पर बघू दे तरी."

नीलम्मा किटलीत बोट फिरवत राहिली.

"आणते, अव्वा," ती म्हणाली. "जिल्हा झाला की."

अव्वा तिच्याकडे बघत राहिली. त्या बाजेवरून तिला घरातलं सगळं दिसे. हे दिसायला थोडा वेळ लागला. मग ती वळली, हंड्याचं फडकं सोडलं. हंडा निम्म्याच्याही खाली गेला होता आणि नळ कधी येईल ते कुणाला ठाऊक नव्हतं. तिने पूजेचा तांब्या आत बुडवून भरून काढला. सकाळचं अंग पुसणं अजून राहिलं होतं. तो तांब्या तिने नीलम्माच्या पुढे धरला.

"दुपारच्या च्याला जाशील तवा घेऊन जा," ती म्हणाली. "तवर छत्री वाळू देऊ नको."